अंथरुणाचं वजन

टोबिन, बूट दाराबाहेर काढ
आणि सगळं या टेबलावर मांड.
हा माझा पिठाचा काटा. वीस वर्षं ब्रेडचं पीठ मोजतोय,
आज तुझं घर मोजेल.

तंबू: दोन किलो तीनशे.
दुकानदार म्हणाला असेल, चारही ऋतूंत चालतो.
चालत असेल. पण उचलून चालायचंय तुला,
आणि चॅलिसच्या वर, ज्या धारेवर मी तुला नेणार,
तिथे चारही ऋतू एका दुपारीत उरकतात.

हे माझं कापड बघ.
पाचशे चाळीस ग्रॅम, दोऱ्या-खुंट्यांसकट.
तळ नाही, दार नाही,
चालायच्या काठ्या हेच त्याचे खांब.
हे भोक ठिणगीचं, त्यावरची चकती सायकलच्या ट्यूबची.
वारा आला की कण्हतं,
दंव पडलं की आतून घाम गाळतं,
पहाटे एक थेंब, बरोबर नाकावर.
उंदीर येऊन जातात. येऊ देत,
अंगण त्यांचंच आहे.

रजई पिसांची आणलीस. हलकी आहे, मान्य.
पण पिसं लाडावलेली असतात,
ओली झाली की रुसून कोपऱ्यात गोळा होतात.
ऊन दिसलं की झुडपावर टाक,
मग ते ऊन दहाच मिनिटांचं का असेना.

आणि ही चटई.

गिलेनशी माझं बोलणं बंद होतं त्या सप्टेंबरात
मी एकटीच वर गेले, आणि जाताना हट्टाने सगळं कापलं.
टूथब्रशचा दांडा. नकाशाची कड.
लोक अंथरूण पाहून पाय पसरतात;
मी म्हटलं, पाय पोटाशी घेईन,
आणि चटई गुडघ्यांपाशी कापली.
दोनशे दहा ग्रॅम वाचले. केवढी खूश होते मी!

तिसऱ्या दिवशी, उजेड जाता जाता, नर एल्क पडला.
बाण लागल्यावर शंभर पावलं गेला
आणि फरच्या आडव्या खोडांमध्ये
दमून बसावं तसा बसला.
मध्यरात्रीपर्यंत सुरी चालवली.
मागचे पाय, खांदे पिशव्यांत भरून फांदीला टांगले;
धड तसंच राहिलं, माझी बोटंच मिटेनात.

मग आडवी झाले
आणि जमिनीने मला खायला घेतलं.
थंडी आभाळातून येते असं वाटतं ना तुला?
ती खालून येते,
घाई नसते तिला.
आधी टाचा. मग माकडहाड. मग एकेक मणका.

दोनदा उठले. दुसऱ्यांदा त्याच्याकडे गेले,
उघड्या छातीच्या पिंजऱ्यात
कोपरांपर्यंत हात घातले.
अजून उबदार होता.
मी 'माफ कर' म्हणाले की 'आभार', आठवत नाही.
दात इतके वाजत होते
की दोन्ही सारखंच ऐकू आलं असतं.

सकाळी चाळीस किलो पाठीवर घेऊन खाली आले
तर ट्रकपाशी गिलेन, रिकामी पिशवी खांद्याला.
काही विचारलं नाही त्याने.
एकूण चार खेपा होत्या. दोन त्याने केल्या.

ग्रॅम कशासाठी वाचवायचे ते तेव्हा कळलं.
जाताना जी जागा रिकामी ठेवतो
ती परतताना त्याची असते, त्या जनावराची.
ठेव, भरपूर ठेव.
फक्त स्वतःच्या पाठीखालून काढू नकोस.

तर तंबू राहू दे इथेच, जिन्याखाली.
भांडं एक पुरे, शर्ट दुसरा नको.
चटई माझी घे, खांद्यापासून टाचेपर्यंत अख्खी.
कुरकुरते फार; कूस बदललीस की
अख्ख्या डोंगराला कळेल. कळू दे.
टूथब्रशचा दांडाही राहू दे.
सहा ग्रॅमच्या आनंदापायी
मी आठवडाभर बोटं तोंडात घालत होते.

आता एकूण किती झालं?
थांब, काट्यावर कालचं पीठ सांडलंय.
पुसून घे आधी.
तेही आठ ग्रॅम भरतं.